खड्डा आपला, पाणी कोणाचें?

मनुष्याच्या मालकीच्या वस्तूंत दोन जाती आहेत. घर, भांडें, शेत, पुस्तक या वस्तु जेथें ठेवाव्या तेथें राहतात. त्यांची हद्द दाखवितां येते, आणि त्यांवरील स्वामित्व ही कल्पना समजण्यास फारसे प्रयास पडत नाहींत. पाण्याची जात निराळी. तें एकाच्या शेतावर पडतें, दुसऱ्याच्या बांधावरून वाहतें, तिसऱ्याच्या जमिनीखालीं मुरतें आणि चौथ्याच्या विहिरींत प्रकट होतें. वाटेंत त्यास कोणी अडविलें, तर अडविणारा त्याचा मालक होतो काय? आणि होत असेल, तर किती पाण्याचा, किती काळ व कोणत्या अटीवर? प्रश्न जुना आहे. परंतु अर्धा मिलिमीटर जाडीच्या एका प्लास्टिकच्या कापडानें गेल्या कांहीं वर्षांत त्यास नवी धार आणली आहे. आणि आतां अहिल्यानगर असें नांव मिळालेल्या आपल्या जुन्या नगर जिल्ह्यांत ती जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसेल. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय सुलभ व्हावा यासाठीं दोन खड्डे डोळ्यांपुढें आणूं. पहिला खड्डा शहराबाहेर शेतघर बांधणाऱ्या एका सुस्थित गृहस्थाच्या अंगणांतला. त्यास घरच्या घरीं पोहावयाचें आहे. दुसरा खड्डा संगमनेर किंवा राहाता तालुक्यांतील एखाद्या डाळिंबाच्या बागेच्या कडेचा. त्याच्या धन्यास पोहावयाचें नाहीं. त्यास बाग जगवावयाची आहे. पहिल्यास लोक विलास म्हणतात, दुसऱ्यास उद्योग. पहिल्याकडे पाहून दुष्काळाच्या वर्षीं भुंवया चढतात. दुसऱ्यास सरकार अनुदान देतें. हा भेद इतका उघड आहे कीं, त्यावर लिहावयाचें तें काय, असें वाचकांस वाटेल. पण हे दोन्ही खड्डे कसे तयार होतात व कशानें भरतात हें नीट पाहिलें, म्हणजे तो भेद वाटतो तितका सरळ राहत नाहीं.

घरगुती पोहण्याचें तळें आपल्याकडे बहुधा सलोह काँक्रीटचें बांधून आंतून फरश्या बसवितात. व्हायनिलच्या अस्तराचें तळें हा त्याहून स्वस्त व लवकर होणारा प्रकार आहे. घराच्या पायापासून, मोठ्या झाडांच्या मुळांपासून व मैल्याच्या टांकीपासून दूर अशी जागा पाहून आंखणी करतात. खड्डा इष्ट मापाहून थोडा रुंद खणतात, कारण भिंतींच्या मागें माणसांस काम करावयास जागा लागते. मग पोलादाच्या किंवा कठीण प्लास्टिकच्या तयार फळ्या एकमेकींस जोडून भिंती उभ्या करतात, त्यांच्या पायाशीं काँक्रीटचा पट्टा ओततात, आणि तळास वाळू-सिमेंटचा थर देऊन तो हातानें चांचपून गुळगुळीत करतात. कारण राहून गेलेला एखादा खडाच पुढें अस्तरास भोंक पाडतो. मापाप्रमाणें कारखान्यांतून जोडून आणलेलें अस्तर भिंतींच्या माथ्यावरील खांचेंत अडकवितात, त्यामागील हवा यंत्रानें ओढून घेतात, म्हणजे तें कातडीसारखें भिंतींस चिकटतें, आणि लागलीच पाणी सोडतात. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तें अस्तर पाण्याचा भार पेलत नाहीं. भार पेलतात त्या भिंती व ती जमीन. अस्तराचें काम एकच, पाणी व माती यांचा संबंध तोडणें. भोंवतालच्या जमिनींतील पाण्याची पातळी वर आली, तर तेंच अस्तर खालून फुगतें व सुरकुत्या पडून तरंगूं लागतें. जणूं तोडलेला संबंध जमीन पुन्हां जोडूं पाहते.

शेततळ्याची रीत याहून साधी, पण तत्त्व तेंच. यंत्रानें खड्डा खणून चारी बाजू उतरत्या ठेवतात, निघालेल्या मातीचा बांध भोंवतीं घालतात, दगडधोंडे वेंचून बाजू चोपतात, आणि सुमारें ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचें पॉलिएथिलीनचें कापड अंथरून त्याच्या कडा बांधावरील चरांत पुरतात. घरगुती तळ्यांतील व्हायनिलही बहुधा अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीचेंच असतें. श्रीमंताचा विलास व शेतकऱ्याचा उद्योग यांना पाण्यापासून जमीन अलग करणारा पडदा जवळजवळ सारख्याच जाडीचा लागतो.

आतां मापें पाहूं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल असें घरगुती तळें धरलें, तर त्यांत ४८ हजार लिटर पाणी मावतें. ग्रामीण नळयोजनांसाठीं दरमाणशीं दररोज ५५ लिटर हें प्रमाण सरकारनें धरलेलें आहे. त्या हिशेबानें हें पाणी सुमारें ८७० माणसांच्या एका दिवसाच्या गरजेचें झालें. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल व उतरत्या बाजूंचें शेततळें घेतलें, तर त्यांत सुमारें २२ लक्ष लिटर पाणी राहतें. म्हणजे एका शेततळ्यांत अशीं पंचेचाळीस घरगुती तळीं मावतील. आणि ऊंस हें पीक वर्षभरांत सुमारें दोन मीटर उंचीचें पाणी पितें असें धरलें, तर एका एकराच्या उसास ऐंशी लक्ष लिटर लागतात. त्यांत घरगुती तळीं दीडशेंहून अधिक भरतील. २०१६ च्या दुष्काळांत मुंबई उच्च न्यायालयानें क्रिकेटचे कांहीं सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितलें, तेव्हां मैदानावर शिंपडल्या जाणाऱ्या पाण्याचें प्रमाण उसाच्या पाण्यापुढें नगण्य आहे असें पुष्कळांनीं म्हटलें, आणि गणित म्हणून तें खोटें नव्हतें.

यावरून दोन अनुमानें निघतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांतील एकेकच उचलतात. तळें बांधणारा म्हणतो, माझें पाणी तें किती! शेतकरी म्हणतो, माझें पाणी पुष्कळ खरें, पण तें पोटासाठीं आहे. पहिला परिमाणाच्या आड लपतो, दुसरा प्रयोजनाच्या. परंतु परिमाण लहान असल्यानें कृत्य निर्दोष होत नाहीं, तसेंच प्रयोजन थोर असल्यानेंही होत नाहीं. या दोहोंच्या पूर्वीं विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे: तें पाणी खड्ड्यांत आलें कोठून?

शेततळ्याची मूळ कल्पना निर्दोष किंबहुना स्तुत्य होती. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाली, तिचा हेतु पावसाळ्यांत शिवारांतून वाहून जाणारें पाणी अडवावें व पावसानें ओढ दिली असतां पिकास एखाद-दुसरें पाणी द्यावें हा होता. कृष्णेच्या व गोदावरीच्या खोऱ्यांच्या मध्यें, सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत पडलेल्या या जिल्ह्यांत, अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर पाऊस बेताचाच व तोही लहरी. ज्याच्या वाट्यास भंडारदऱ्याचें किंवा मुळेचें पाटपाणी आलें नाहीं, त्यानें आपल्या शेतावर पडलेला पाऊस राखून ठेविला, तर त्यास कोण नांवें ठेवील? परंतु पुष्कळ ठिकाणीं प्रत्यक्षांत झालें तें असें कीं, तळें पावसाच्या ओघळानें न भरतां विहिरीच्या व कूपनलिकेच्या पंपानें भरूं लागलें. पावसाळ्यांत व हिवाळ्यांत विहिरीस पाणी असतां तें उपसून वर आणावयाचें, प्लास्टिकवर ठेवावयाचें, आणि उन्हाळ्यांत डाळिंबास किंवा द्राक्षांस द्यावयाचें. शेतकऱ्याची यामागील बुद्धि कच्ची नाहीं. विहिरींत ठेवलेलें पाणी शेजारीही ओढतो. तळ्यांत आणलेलें पाणी आपलें एकट्याचें होतें. अस्तराची खरी किंमत पाणी झिरपूं न देण्यांत आहे असें विक्रेता सांगतो. आम्हांस वाटतें, ती किंमत पाण्यावर नांव घालण्यांत आहे.

नांव घातल्यानें मालकी येते काय? इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें १६९० च्या आपल्या ग्रंथांत हाच दाखला घेतला आहे. झऱ्याचें पाणी सर्वांचें असलें तरी घागरींत भरलेलें पाणी भरणाऱ्याचें, याविषयीं कोणास शंका येणार नाहीं, असें तो म्हणतो. पण त्याच प्रकरणांत त्यानें एक अट घातली आहे: घेणाऱ्यानें घेतल्यावर इतरांसाठीं पुरेसें व तितकेंच चांगलें शिल्लक राहिलें पाहिजे. भरल्या नदीवर एकानें पोटभर पाणी प्यालें म्हणून दुसऱ्याचें कांहीं गेलें नाहीं, कारण सारी नदी त्याच्यासाठीं उरलीच आहे. स्वामित्वाचे पुरस्कर्ते घागरीचा दाखला हटकून देतात. नदी भरलेली असावी ही अट त्यांस आठवत नाहीं. नगर जिल्ह्यांत घागर २२ लक्ष लिटरांची आहे, आणि नदी बहुतेक वर्षांत मार्गशीर्षालाच कोरडी पडते.

कायदा या प्रश्नावर फार काळ घागरीच्याच बाजूनें बोलत आला. इंग्लंडांत १८४३ सालच्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यांत असें ठरलें कीं, भूगर्भांत झिरपणारें पाणी ज्याच्या जमिनींत सांपडेल त्यानें तें खुशाल घ्यावें. शेजाऱ्याची विहीर आटली तर तें त्याचें दुर्दैव. १८५९ सालीं चेसमोर विरुद्ध रिचर्ड्‌स या खटल्यांत क्रॉयडन येथील विहिरीमुळें वाँडल नदीचा ओघ घटला व एका गिरणीवाल्याचें नुकसान झालें, तरी उमरावांच्या सभेनें त्यास भरपाई नाकारली. १८९५ सालच्या ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स या खटल्यानें कळस केला. शहरानें आपल्याकडून जमीन किंवा पाणी विकत घ्यावें म्हणून पिकल्स यानें भूगर्भांतून शहराकडे जाणारें पाणी तोडण्याचा घाट घातला. तरीही, जें हक्कानें करतां येतें तें वाईट हेतूनें केलें म्हणून बेकायदेशीर होत नाहीं, असा निवाडा झाला. ईझमेंट ॲक्ट या नांवानें ओळखला जाणारा आपल्याकडील १८८२ चा कायदाही याच वळणाचा आहे: निश्चित प्रवाहानें न वाहणारें, आपल्या जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा प्रत्येक मालकास त्यानें हक्क दिला.

या निवाड्यांच्या मुळाशीं जें कारण होतें तें मात्र पाहण्यासारखें आहे. भूगर्भांतील पाणी कोठून येतें, कोठें जातें, किती आहे, हें कोणास दिसत नाहीं. मग त्यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत हक्क कसे वांटावयाचे, असा त्या न्यायाधीशांपुढील पेंच होता. म्हणजे हा हक्क ज्ञानावर उभा नव्हता, अज्ञानावर होता. अज्ञानावर उभारलेला हक्क ज्ञान आल्यावर टिकावा कसा? आज भूजलशास्त्र आपणांस पुष्कळ सांगतें. आपल्या पायाखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत जें पाणी राहतें तें सामान्यतः शंभरांस एक ते तीन या प्रमाणांतच विहिरीस मिळतें. दोन हें प्रमाण धरूं. २२ लक्ष लिटरांचें एक शेततळें विहिरींतून एकदां भरावयाचें, तर सुमारें अकरा हेक्टर, म्हणजे सत्तावीस एकर जमिनीखालची पातळी एक मीटरनें उतरली पाहिजे. वरून पाऊस व बाजूनें झिरपा येऊन ती पुन्हां कांहीशी चढेल हें खरें. पण तो झिराही कोणाच्या तरी जमिनींतून येणार. शेतकऱ्याची जमीन असते दोन-चार एकर. तेव्हां त्याच्या तळ्यांतील पाणी त्याच्या जमिनीखालचें आहे हें म्हणणें गणितानेंच खोटें पडतें. खड्डा त्याचा, प्लास्टिक त्याचें, पंप त्याचा, विजेचें बिलही त्याचें. पाणी मात्र बहुतांशीं शेजाऱ्यांचें.

घरगुती तळें बांधणारा येथें म्हणेल कीं, मी विहीर उपसली नाहीं, टँकर विकत घेतला. परंतु टँकर हा कांहीं मेघ नव्हे. तोही कोणाच्या तरी विहिरीवर भरला जातो, आणि ज्यानें तें पाणी विकलें त्याचा हक्क वर पाहिला त्याच तोलाचा. पैसे दिल्यानें वस्तु हातीं येते. विकणाऱ्यास जो हक्क नव्हता तो मात्र येत नाहीं.

घेतलेल्या पाण्याचें पुढें होतें काय, हा दुसरा प्रश्न. बिनअस्तराचें तळें आपल्या मालकास फसवितें, पण गांवास फसवीत नाहीं. त्यांतून झिरपलेलें पाणी खालच्या विहिरींत उतरतें. अस्तराचें तळें तळाशीं इमानी व तोंडाशीं उधळें असतें. उन्हाळ्यांत आपल्या भागांत उघड्या पाण्याची वाफ दिवसास सुमारें आठ मिलिमीटर होते असें धरलें, तर भरलेल्या ९०० चौरस मीटर पृष्ठावरून रोज ७,२०० लिटर पाणी उडून जातें; म्हणजे सुमारें १३० माणसांचें पाणी, कोणाच्याही उपयोगी न पडतां. जमिनीच्या पोटांत तें सूर्यापासून बहुतांशीं सुरक्षित होतें. सुरक्षित ठिकाणचें पाणी काढून उन्हांत ठेवावयाचें व त्यास जलसंधारण म्हणावयाचें, ही भाषेची थट्टा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत पाऊस, अन्न व यज्ञ यांचें चक्र सांगून, देवांनीं दिलेलें त्यांना न देतां भोगणाऱ्यास चोर म्हटलें आहे. यज्ञाचा अर्थ कोणीं कसाही करो. परत देणें हा त्याचा गाभा आहे यांत वाद नाहीं. ज्या शेततळ्यानें ओघळाचें पाणी अडविलें, किंवा ज्याच्या धन्यानें उपशाच्या मानानें नाला अडवून, बांध घालून, पुनर्भरण करून जमिनीस पाणी परत दिलें, त्यास हा शब्द लागू नाहीं. इतरांनीं आपल्यापुरता विचार करावा.

आपल्या धर्मशास्त्रानें या विषयाचा विचार पुष्कळ केला होता. विहीर, तळें, पाणपोई बांधणें यास ‘पूर्त’ म्हणत, आणि तळें पुरें झाल्यावर त्याचा ‘उत्सर्ग’ करावयाचा असे. म्हणजे हें पाणी सर्व भूतांस सामान्य आहे असें सांगून धन्यानें त्यावरील आपला हक्क सोडावयाचा. दुसऱ्याच्या तळ्यांत स्नान करणाऱ्यानें आधीं तळांतून मातीचे पांच गोळे काढावे, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. टीकाकार त्याचा अर्थ कांहीही करोत. ज्याचें पाणी वापरलें त्याच्या तळ्याचा गाळ उपसण्यास आपलाही हात लागावा, ही त्यांतील शहाणीव आम्हांस मोठी गोड वाटते. अस्तराच्या तळ्यांत पांच गोळे काढावयाचे तरी कोठून? तेथें माती नाहीं, आणि दुसऱ्यानें येऊन स्नान करावें ही अपेक्षाही नाहीं.

परंतु या जुन्या शहाणपणाचा अभिमान बाळगणाऱ्यानें त्याचें पुढें काय झालें हेंही सांगितलें पाहिजे. ‘सर्व भूतें’ या शब्दांत गुरें-ढोरें व पांखरें येत. अस्पृश्य मानलेलीं माणसें येत नसत. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला केला, तेव्हां त्या उत्सर्गाचा खरा अर्थ प्रथमच कोणी आचरला असें म्हणावें लागेल. आणि त्याच १८६८ सालीं लंडनमध्यें रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याचा अखेरचा निकाल लागला. गिरणीसाठीं बांधलेल्या एका तलावाचें पाणी फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें होतें. आपल्या जमिनींत अपायकारक वस्तु आणून सांठविणाऱ्यानें ती बाहेर पडून झालेल्या हानीबद्दल, स्वतःची हयगय नसली तरी, जबाबदार राहिलें पाहिजे, असें न्यायासनानें ठरविलें. एकाच वर्षीच्या या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. सांठविलेलें पाणी शेजाऱ्याकडे गेलें तर काय, याचा विचार इंग्लंडच्या कायद्यानें केला. तें शेजाऱ्यास मिळालें नाहीं तर काय, याचा विचार जोतीरावांनीं केला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां तें तळें खासगी आहे असा दावा प्रतिपक्षानें लावला. तो उच्च न्यायालयांत १९३७ सालीं शेवटचा फेटाळला गेला. पाण्यास ‘खासगी’ हा शब्द लावण्याची घाई कोणास व कां होते, हें त्या दाव्यानें कायमचें शिकविलें आहे.

येथवर आम्हीं पाण्यासंबंधीं बोललों. तिसरा प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे, आणि तो सर्वांत निकडीचा असून सर्वांत कमी बोलला जातो. पोहण्याच्या तळ्यास उथळ बाजू असते, शिडी असते, धरावयास कांठ असतो. शेततळ्यास यांतलें कांहीच नसतें. ओलें, शेवाळलेलें, उतरतें प्लास्टिक. पाय टेकेल असें ठिकाण नाहीं, नख रुतेल अशी भेग नाहीं. पट्टीचा पोहणाराही त्यांत पडला तर मदतीवांचून बाहेर येणें कठीण; मग गुरांमागें गेलेलें, किंवा सुटीच्या दुपारीं पाणी पाहून लोभावलेलें पोर कसें येणार? एकास वांचवावयास दुसऱ्यानें उडी घ्यावी व दोघेही बुडावे, अशा वार्ता महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. पूर्वींच्या पिढीचीं मुलें पाठीस वाळका भोपळा बांधून गांवच्या विहिरींत पोहावयास शिकत; विहिरीस पायऱ्या असत, कांठावर कोणी वडीलधारें असे. विहिरी खोल गेल्या, आटल्या, आणि ती शाळा बंद पडली. ज्या पंपांनीं विहिरी रित्या केल्या त्यांनींच तळीं भरलीं. ज्या मुलांचें पोहणें सुटलें त्यांच्याच पुढें हीं निसरडीं तळीं येऊन ठेपलीं. ही साखळी कोणीं जाणून घडविली नाहीं. म्हणून ती कमी दारुण ठरत नाहीं.

भोंवतीं तारेचें कुंपण, कांठास बांधून पाण्यांत सोडलेले गांठी मारलेले दोर, हवेच्या दोन-चार ट्यूबा, एवढ्यानें पुष्कळ जीव वांचतील. आणि हा खर्च प्लास्टिकच्या किंमतीपुढें अल्प आहे. तो न करणाऱ्यास कायदा पकडील न पकडील. पण जें पाणी बहुतांशीं शेजाऱ्यांचें, त्यांत शेजाऱ्याचेंच मूल बुडावें, आणि धन्यानें ‘माझ्या हद्दींत आलें कशास?’ असें म्हणावें, यापरतें हक्काच्या कल्पनेचें विडंबन आम्हांस सुचत नाहीं.

आतां एका आक्षेपाचा परामर्श घेऊन हें लिखाण पुरें करूं. तो आक्षेप असा: मी एकट्यानें संयम केला तर पाणी वांचणार नाहीं; तें शेजारी ओढील. मग माझ्या बागेनें कां मरावें? हा आक्षेप शहरांत नळाखालीं बसून उपदेश करणाऱ्यानें हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. कर्ज काढून लावलेली बाग एका उन्हाळ्यांत वाळली, तर त्या घरावर काय ओढवतें हें आपण सर्व जाणतों. गॅरेट हार्डिन यानें १९६८ सालीं सामाईक मालमत्तेची हीच शोकांतिका वर्णिली. आणि सक्ती किंवा खासगी मालकी, असे दोनच मार्ग पुष्कळांस दिसूं लागले. आपल्याकडे दोन्ही झाले. राज्यानें २००९ चा भूजलाचा कायदा केला, तो २०१४ पासून लागू झाला. परंतु कायद्याच्या हातापेक्षां पंपाचा हात लांब आहे. खासगी मालकीचें म्हणाल, तर तें प्लास्टिकच्या रूपानें शिवाराशिवारांत अंथरलेलेंच आहे.

तिसरा मार्ग आहे, आणि त्यासाठीं दूर जावयास नको. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९६५ सालच्या आपल्या प्रबंधांत दक्षिण कॅलिफोर्नियांतील भूजल उपसणाऱ्यांनीं आपसांत बसून मर्यादा कशा घालून घेतल्या याचा अभ्यास केला, आणि अशाच अभ्यासाबद्दल २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिला मिळालें. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारनें हें सिद्धांतानें न शिकतां आचरणानें शिकविलें. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें गांवानें डोंगर व ओढे अडविले, शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, उसासारखीं तहानलेलीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, असे निर्बंध घालून घेतले, आणि पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढें मांडण्याची रीत पाडली. येथें पाणी कोणाचें हा प्रश्न वादानें सुटला नाहीं. किती आहे हें सर्वांनीं मिळून मोजल्यानें सुटला. ‘शेजारी ओढील’ ही भीति खरी आहे, पण ती शेजाऱ्याशीं न बोलतां घेतलेली भीति आहे. संयम एकट्यानें केला तर तो त्याग होतो, व त्याग सर्वांकडून मागतां येत नाहीं. सर्वांनीं मिळून केला तर तो केवळ शहाणा व्यवहार होतो.

मग घरीं पोहण्याचें तळें बांधावें कीं नाहीं? शेततळें करावें कीं नाहीं? सरसकट निषेध करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. पोहणें हें पाप नव्हे. निजामशाहीनें आपल्या नगर शहराजवळ फराहबागेचा महाल भर पाण्यांत उभारला, तें सौंदर्य आजही आपण कौतुकानें दाखवितों. बाग जगविणें तर पुण्यच. परंतु खड्डा खणण्यापूर्वीं मालकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. हें पाणी आकाशांतून आलें कीं शेजाऱ्याच्या पायाखालून? घेतलें त्याच्या मानानें मी जमिनीस परत काय देतों? आणि टंचाईंत गांवाची घागर, किंवा चुकून एखाद्याचें मूल, माझ्या कांठाशीं आलें, तर तें सुखरूप परत जाईल काय? छपरावरचा पाऊस धरून, पाणी वर्षानुवर्षें गाळून वापरून, दुष्काळांत कोरडें ठेवण्याची तयारी ठेवून, वाडीच्या पोरांस पोहावयास शिकविणारें घरगुती तळें विलास म्हणून हिणविण्यासारखें नाहीं. आणि कूपनलिकेनें भरलेलें, बिनकुंपणाचें शेततळें केवळ शेतकऱ्याचें म्हणून वंदनीय नाहीं.

जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंचें नांव या जिल्ह्यास दिलें गेलें आहे. देशभर विहिरी, बारव व घाट बांधून ते अनोळखी यात्रेकरूंच्या स्वाधीन करणारी ती स्त्री होती. नांव बदलणें हें सरकारचें काम, तें झालें. त्या नांवास शोभेल असा पाण्याचा व्यवहार करणें हें ज्याच्या-त्याच्या खड्ड्याच्या कांठावरचें काम आहे, आणि तें अद्याप बरेंच व्हावयाचें आहे.